आठवा नमुना

२९ जुलै २०१९, सोमवार. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या स्टीलच्या बाकावर थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. डब्यात रुंद तोंडाची एक निर्जंतुक बाटली, तिच्यात पन्नास मिली पीबीएस, म्हणजे पेशींना सोसेल असं खारं पाणी, आणि रक्त गोठू नये म्हणून थोडं हेपॅरिन. बाहेर पाऊस चार दिवस तसाच लागून होता. साडेअकराला सिस्टर आल्या, बाटली आत घेऊन गेल्या. दहा मिनिटांनी ती परत हातात पडली तेव्हा तिच्यात लिंबाएवढा हाडाचा गोळा होता. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींच्या मांडीच्या हाडाचं डोकं. खुबा बदलताना हे डोकं कापून काढतात आणि ते पिवळ्या पिशवीत, जैविक कचऱ्यात जातं. त्या पिशवीत पडायच्या आधी ते मला मिळावं एवढ्यासाठी मी सात महिने परवानग्यांचे कागद फिरवले होते.

माझ्या प्रबंधाचा विषय होता म्हातारपणी हाडाच्या मज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी (स्टेम सेल). आपल्या शरीरात रोज साधारण वीस हजार कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. एक तांबडी पेशी जेमतेम चार महिने टिकते, प्लेटलेट तर आठ-दहा दिवसच. हा सगळा पुरवठा जन्मभर चालू ठेवणाऱ्या पेशी मज्जेत अगदी मोजक्या असतात. वय वाढतं तशी हाडात चरबी वाढते, आणि उरलेल्या मूलपेशींपैकी काहींचाच गोतावळा रक्तात पसरत जातो. सत्तरीनंतर सुमारे दहा टक्के लोकांत हे दिसतं, असं २०१४ साली मोठ्या पाहण्यांतून पुढे आलं. ते वाचलं तेव्हापासून आपल्या कोल्हापूर भागातल्या माणसांच्या मज्जेत काय चाललंय ते बघायची ओढ लागली होती.

आदल्या संध्याकाळी संमतीपत्र घेऊन मी वॉर्डात गेले होते. फॉर्म मराठीत, दोन पानी, एथिक्स कमिटीने तपासून दिलेला. मी वाचायला सुरुवात केली, ‘आपल्या अस्थिमज्जेचा नमुना’, आणि आजींनी हात वर करून थांबवलं.

“अस्थी? अस्थी मेल्यावर गोळा करत्यात गं.”

माझ्या अंगावर काटा आला. आधीच्या सात जणांपुढे मी हाच शब्द वाचला होता. ते बिचारे ऐकून सही करून मोकळे झाले असतील, मनात काय आलं असेल कुणास ठाऊक. मी फॉर्म बाजूला ठेवला. म्हटलं, “आजी, मटणाची नळी असती न्हवं? ती आपटली की आतनं गर येतोय. तसला गर आपल्या हाडात असतोय. रक्त तिथं तयार होतंय.”

“मग सांग की तसं. हाड काढून टाकणारच हायत न्हवं ते?”

“व्हय.”

“मग घे की. कशापायी एवढं लिवलंय?” मग थोडं थांबून, “माझ्या रक्तात काय खोट निघाली तर सांगशील न्हवं?”

याचं उत्तर देणं अवघड असतं, पण ते नीटच द्यावं लागतं. मी सांगितलं की नमुन्याला फक्त नंबर मिळेल, नाव राहणार नाही. ही तपासणी नाही, यातून रिपोर्ट येत नाही, तुमच्या उपचाराला याचा काही उपयोग नाही. पुढे कधी दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांना होईल, तोही होईलच असं नाही. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि अंगठा न देता सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. “मी उद्या येतो आजी,” म्हणून निघाले. नंतर कमिटीला पत्र देऊन फॉर्ममधला ‘अस्थिमज्जा’ बदलून घेतला. आता तिथे ‘हाडाच्या आतला गर’ असं आहे.

लॅबमध्ये पोचल्यावर रजिस्टरला नोंद केली: नमुना ८. तिथून पुढे आजी नाहीत, आठ नंबर आहे.

लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा खेळवलेल्या कपाटात, हाड उघडलं की आतली रचना दिसते. अनारशासारखी बारीक जाळी, आणि तिच्या छिद्रांत तांबडा-पिवळा ओला गर. अस्थिरोग विभागाने मोडीत काढलेला बोन निबलर, म्हणजे हाडाचे तुकडे पाडायची पक्कड, आम्ही ऑटोक्लेव्ह करून वापरतो. त्याने जाळीचे तुकडे पाडायचे, पीबीएसमध्ये हलवायचे, पाणी गाळून घ्यायचं, परत ताजं पीबीएस, परत हलवायचं. तीन-चार वेळा असं केल्यावर तुकडे चुन्यासारखे पांढरे पडतात आणि सगळा गर पाण्यात उतरतो. वर चरबीचा सोनेरी तवंग येतो. तरुण माणसाच्या नमुन्यात तो पातळ असतो, आठ नंबरचा बोटभर होता. तो काढून टाकला, मग आधी सत्तर आणि नंतर चाळीस मायक्रॉनच्या जाळीतून गाळलं. या गाळण्याचा कंटाळा करून चालत नाही. तिसऱ्या नमुन्याला मी एकाच जाळीवर भागवलं होतं, पुढे कॉलम, म्हणजे पेशी निवडून काढायची नळी, तुंबला आणि अख्खा दिवस वाया गेला.

त्यानंतर फिकॉल, म्हणजे पेशींचे थर वेगळे करणारा जड द्रव. पन्नास मिलीच्या नळीत खाली पंधरा मिली फिकॉल, त्याची घनता १.०७७. त्यावर पेशींचं पाणी चढवायचं, पण दोन्ही मिसळू द्यायचे नाहीत. नळी तिरकी धरून, पिपेटचं टोक काचेला टेकवून, थेंबाथेंबाने. मनगट जरा जरी हललं तरी सीमा ढवळते. माझ्या गाइड मॅडमनी पहिले दोन आठवडे मला नुसत्या पाण्यावर आणि साखरेच्या रंगीत पाकावर हे करायला लावलं होतं. तेव्हा राग यायचा. आता कुणी नवीन मुलगी आली की मीही तिला पाकच देते.

मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारं मशीन: ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या चारशे पट), तीस मिनिटं, वीस अंश, आणि ब्रेक बंद. या शेवटच्या दोन शब्दांवर माझा पहिला नमुना गेला. आदल्या दिवशी कुणीतरी मशीन दुसऱ्या कामासाठी वापरलं होतं आणि ब्रेक चालू राहिला होता. मी स्क्रीन बघितला नाही. मशीन झटक्यात थांबलं, आणि नळी बाहेर काढली तेव्हा थर नव्हते, नुसता गढूळ गुलाबी चिखल. एका माणसाने दिलेलं हाड होतं ते, परत मिळणारं नव्हतं. त्या दिवसापासून सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर मार्करने ‘ब्रेक?’ लिहून ठेवलंय आणि बटण दाबायच्या आधी मी ते मोठ्याने वाचते.

आठ नंबर छान उतरला. तळाला तांबड्या पेशी, वर स्वच्छ फिकॉल, आणि त्याच्या वरच्या कडेला, जिथे दोन द्रव भेटतात, तिथे पांढुरकं कडं. फार तर दोन मिलिमीटर जाड. सकाळच्या धुक्याची पट्टी रंकाळा तलावावर असते तशी ती अधांतरी दिसते. माझं सगळं काम त्या पट्टीत असतं. पिपेटने ती गोल फिरवत उचलली, दोनदा धुतली, ट्रिपॅन ब्लू घालून न्यूबॉवर चेंबरवर मोजली. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत चमकत राहतात. हिशेब सहा कोटी वीस लाखांवर आला, ९४ टक्के जिवंत.

या सहा कोटींत माझ्या कामाच्या पेशी शंभरात एखादीच, आणि अडचण अशी की मायक्रोस्कोपखाली ती ओळखू येत नाही. लहान, गोल, मोठ्या केंद्रकाची. शेजारचा लिम्फोसाइटही तसाच दिसतो. चेहऱ्यावरून तिला कुणीच निवडू शकत नाही. १९८४ साली अमेरिकेत कर्ट सिव्हिन यांच्या गटाने एक अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक खुणेलाच चिकटणारं प्रथिन, शोधली. ती मज्जेतल्या थोड्याच, कोवळ्या पेशींवरच्या खुणेला चिकटायची. त्या खुणेला पुढे सीडी३४ नाव पडलं. आज जगभर प्रत्यारोपणासाठी पेशी मोजतात त्या याच खुणेवर.

आम्ही ही अँटिबॉडी लोहकणांना जोडलेली वापरतो. कण पन्नास नॅनोमीटरचे, म्हणजे पेशीच्या मानाने धुळीइतके. चार अंशावर अर्धा तास, मग चुंबकात बसवलेल्या कॉलममधून पेशी सोडायच्या. ज्यांना खूण नाही त्या सरळ खाली उतरून जातात. तीनदा धुवायचं. आणि मग कॉलम चुंबकातून बाहेर काढून, नवीन नळीवर धरून, दट्ट्या एका दमात दाबायचा. अडकून बसलेल्या पेशी त्या एका मिलीत येतात. द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो, डोळ्याला काहीच दिसत नाही. दर वेळी वाटतं की नळी रिकामीच आहे. शुद्धता वाढावी म्हणून हेच परत दुसऱ्या कॉलमवर केलं. मोजल्या: चार लाख दहा हजार. फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशीची खूण तपासणाऱ्या मशीनवर, ९१ टक्के शुद्ध. तेव्हा संध्याकाळचे सव्वासात वाजले होते आणि दुपारच्या डब्याची आठवण मला तेव्हा झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या चार लाख सगळ्या मूलपेशी नसतात. बहुतेक त्यांच्या लेकी-नाती असतात, पुढच्या वाटेला लागलेल्या. खरी मूलपेशी तीच, जी स्वतःसारखी पेशीही पुन्हा घडवते आणि रक्ताच्या सगळ्या शाखाही चालवते. ते सिद्ध करायला प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात पेशी सोडून सोळा आठवडे वाट बघावी लागते, आणि मग त्या उंदराची मज्जा दुसऱ्या उंदरात. मूलपेशी अशी कामावरूनच ओळखायची ही रीत टोरांटोच्या टिल आणि मॅक्‌कुलॉक यांची. १९६१ मध्ये त्यांनी किरणोत्सर्गाने मज्जा मारलेल्या उंदरांना दुसऱ्याची मज्जा टोचली आणि दहा दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर उठलेल्या गाठी मोजल्या. दोन वर्षांनी दाखवून दिलं की एक गाठ एका पेशीतून उगवते. १९६६ मध्ये मेलबर्नला ब्रॅडली आणि मेटकाफ यांनी अशा वसाहती उंदराबाहेर, घट्ट माध्यमात वाढवल्या. आमच्या लॅबमध्ये त्या दुसऱ्या वाटेपर्यंतच सोय आहे. त्यामुळे मी जे मोजते त्याला ‘पूर्वज पेशींच्या वसाहती’ म्हणते, मूलपेशी म्हणत नाही.

हे लांबण लावण्याचं कारण आहे. मी काय करते हे कळलं की नात्यातले, ओळखीचे फोन करतात. कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या साखरेला, कुणाच्या न बोलणाऱ्या लेकराला ‘स्टेम सेलचं इंजेक्शन’ द्यायचं असतं. कुणीतरी लाखांचा आकडा सांगितलेला असतो, दागिने मोडायची तयारी झालेली असते. रक्ताच्या ठरावीक आजारांत मज्जा प्रत्यारोपण हा खरा, सिद्ध झालेला उपचार आहे. आपल्या देशात मुंबईच्या टाटा रुग्णालयात तो १९८३ साली सुरू झाला. पण आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की त्यापलीकडे जे काही आहे ते अजून संशोधनात मोडतं, आणि संशोधनाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. मी प्रत्येकाला हे सांगते. एका मावशींना सांगताना त्या फोनवर रडायला लागल्या. मी तासभर बोलत राहिले. दुसरं काय करणार?

तर आठ नंबर. चार छोट्या डिश, प्रत्येकीत पाचशे पेशी. माध्यम मिथाइलसेल्युलोजचं, घट्ट, मधासारखं. ते पिपेटमध्ये येत नाही, जाड बोथट सुईच्या सिरिंजने ओढावं लागतं आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबावं लागतं. घट्ट अशासाठी की पेशी जिथे पडली तिथेच राहावी, तिची पिल्लं तिच्याभोवतीच जमावीत. डिश हळू फिरवत माध्यम कडेपर्यंत पसरवलं, शेजारी पाण्याची एक उघडी डिश ठेवली म्हणजे हवा कोरडी पडत नाही. मग इन्क्युबेटरच्या उबदार कपाटात सदतीस अंश, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, चौदा दिवस. म्हणजे १२ ऑगस्ट. उरलेल्या पेशी गोठवून द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवल्या.

पुढे काय झालं ते कोल्हापुरात कुणाला सांगायची गरज नाही. पंचगंगेने त्रेचाळीस फुटांची धोक्याची रेषा ओलांडली, आणि पाणी चढतच राहिलं, पंचावन्न फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. पाणीपुरवठ्याचे पंप बुडाले, म्हणजे शहरभर पूर आणि नळाला थेंब नाही. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या कच्च्या मूर्ती पाण्यात विरघळल्या. माझ्या मामांचं घर तिथे जवळच, आम्ही सगळे दोन दिवस त्यांचं सामान वर चढवत होतो.

आमची इमारत उंचावर, तिला पाणी लागलं नाही. पण वीज गेली. जनरेटर होता, डिझेल मिळेना. जे मिळेल ते वॉर्डासाठी आणि आयसीयूसाठी, आणि तेच बरोबर होतं. लॅबला सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास असं ठरलं. आमचा इन्क्युबेटर जुना, पाण्याच्या कवचाचा. तो गार व्हायला वेळ घेतो ही एकच जमेची बाजू. मॅडमचा फोन आला, त्या पुराच्या पलीकडे अडकल्या होत्या: “काहीही झालं तरी दार उघडू नकोस.” मी घरून दोन घोंगड्या आणल्या आणि इन्क्युबेटर चारी बाजूंनी गुंडाळला. काट्याची नोंद दर दोन तासांनी. ३६.१. ३५.४. एका पहाटे ३४.५. त्या रात्री मी लॅबमध्येच होते. अंधारात घोंगडीवर हात ठेवला की अजून ऊब लागायची. आत दोन हजार पेशी होत्या, त्यातल्या कितीतरी तेव्हा दुप्पट होत असतील, किंवा मरत असतील. बाहेरून कळायला काही मार्ग नव्हता.

१२ तारखेला दुपारी दार उघडलं. पहिली डिश उजेडाकडे धरली आणि मायक्रोस्कोपआधीच दिसलं: माध्यमात गंजाच्या रंगाचे बारीक ठिपके. हिमोग्लोबिन. माझे हात थरथरायला लागले म्हणून डिश खाली ठेवली.

चारही डिश मोजल्या: ४१, ३७, ४४, ३९. पहिलीत पंधरा तांबड्या वसाहती, द्राक्षाच्या घडासारख्या एकाला एक बिलगलेल्या. चोवीस पांढऱ्या, विरळ पसरलेल्या, रांगोळीचा ठिपका फुंकर मारून उडवावा तशा. आणि दोन मिश्र, ज्यांच्यात दोन्ही होतं. म्हणजे त्या दोन ठिकाणी पडलेली एकेक पेशी अजून कुठल्याच एका वाटेला लागलेली नव्हती. शहात्तर वर्षं वापरलेल्या हाडातली. मी त्या दोन वसाहती कितीतरी वेळ बघत बसले.

एक तांबडी वसाहत बारीक टोकाच्या पिपेटने उचलून काचेवर पसरली, लीशमन नावाच्या रंगाने रंगवली. शंभरच्या भिंगाखाली कोवळ्या तांबड्या पेशी ओळीने मिळाल्या: काही निळसर, केंद्रक मोठं, काही गुलाबी होत आलेल्या, केंद्रक आक्रसून काळं. एका पेशीचं केंद्रक कडेला सरकून निम्मं बाहेर आलं होतं. तांबडी पेशी ते टाकूनच रक्तात उतरते. नेमक्या त्या क्षणी ती माझ्या काचेवर वाळली.

हे आकडे माझ्या प्रबंधात नाहीत. इतर सगळे नमुने सदतीस अंशावर वाढले आणि हा वाढला नाही, तेव्हा तो तुलनेत बसत नाही. गोठवलेल्या पेशी वितळवून पुन्हा लावता आल्या असत्या, पण ताज्यांच्या रांगेत गोठवलेल्या कशा बसवणार? मॅडमनी विचारलं, “तुझं काय मत?” मी म्हटलं, “वगळायचा.” रजिस्टरला तापमानाचा तक्ता जोडला आणि लिहिलं: नमुना ८, पूरस्थिती, तापमान ३४.५ पर्यंत उतरले, विश्लेषणातून वगळला. तो चांगला आला होता म्हणून तर वगळणं जास्त जरूर होतं. वाईट आला असता तर मी पुराचं कारण देऊन एका मिनिटात काढून टाकला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी वॉर्डात गेले. आजी अजून तिथेच होत्या. पाचव्या-सहाव्या दिवशी घरी जायच्या होत्या, पण त्यांचं गाव कळ्याकडे, गगनबावडा रस्त्याला, आणि तो रस्ता पाण्यात. वॉकर धरून खिडकीपाशी उभ्या होत्या. नमुन्याबद्दल बोलायचं नसतं, मीही बोलणार नव्हते. पण त्यांनीच विचारलं.

“त्या हाडाचं काय झालं गं?”

मी एवढंच म्हटलं, “आजी, पूर आला तरी त्या गरात रक्त तयार झालं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या मांडीकडे. “अजून हुतं म्हण की.”

मग म्हणाल्या, “खाली जाशील तवा जरा इचार, कळ्याची एस्टी सुरू झाली का.”